टेक सेव्हन

सफरचंदाच्या फोडी सुकवायचं यंत्र,
कुणाच्या तरी गराजमधून अकरा डॉलरला आणलेलं.
त्यात आज दोन इंची टेपचं रीळ ठेवलंय,
चोपन्न अंशांवर, आठ तास.
खिडकीबाहेर डुलुथ, कानांपर्यंत बर्फ ओढून.
जुन्या टेपचा डिंक ओल धरतो.
तशीच लावली तर मशीनला चिकटते,
किंचाळते, गाण्याची सालं निघतात.
वाळवली, तर थोडे दिवस बोलते.
मग तिचं तोंड कायमचं बंद झालं तरी
तक्रार करायची नाही.

बँडचं नाव विंटर पार्किंग.
रस्त्यावरच्या पाटीवरून उचललेलं;
खरं म्हणजे पाटीच उचललेली.
रस स्कार्डानं ती ड्रमच्या मागे टांगली
आणि पंचवीस डॉलर दंड भरला.
बँडचा पहिला खर्च तो.

पहिली रेकॉर्ड मासळीच्या गोदामावरच्या खोलीत.
भिंतींना गाद्या, गाद्यांना वास.
मी टेप-ऑपरेटर, म्हणजे बटण दाबणारा, कॉफी आणणारा,
दिवसा कॉलेजात पेंगणारा.
लॉर्ना माकी तिसरं गाणं गात होती,
डोळे मिटून, एक पाय बुटाबाहेर,
तेवढ्यात लोहखनिज भरून निघालेल्या बोटीनं
पुलाला हाक घातली:
लांब, आखूड, लांब, आखूड.
माझा हात बटणाकडे गेला.
लॉर्नानं डोळे न उघडता मान हलवली, नको,
आणि पुढची ओळ भोंग्याच्या सुरावर ठेवली,
कपबशीवर ठेवावा तशी.
पाचशे प्रती काढल्या. त्यातल्या एकशे ऐंशी
डेल ओयेनच्या आईच्या तळघरात राहिल्या,
बिटाच्या लोणच्याशेजारी.

दुसरी, कंपनीच्या पैशानं.
लॉस एंजेलिसला सात आठवडे, रोज फळांची टोपली.
तिसरं गाणं पुन्हा करायला लावलं, लोकांना तेच आवडलेलं ना.
भोंगा हवा म्हणून कुठूनसा भोंगाही आणला,
स्वच्छ, गोल, खाऱ्या पाण्यातला.
डेल फोनवर हळूच म्हणाला,
"अर्धा सूर चढा आहे रे. सांगू कुणाला?"
रेडिओवर वाजलं ते. बुटांच्या जाहिरातीतही.
इथल्या दारूच्या गुत्त्यात मात्र
भोंगा आला की म्हातारे खलाशी मान वर करायचे:
"ही कुठली बोट? आपली नाही."

तिसरी हट्टानं इथेच केली,
सत्त्याण्णवचा जानेवारी, हीटर बंद,
कारण हीटरची घरघर टेपवर यायची.
कंपनीच्या माणसानं पूर्ण ऐकली,
कोट चढवत म्हणाला, "यात वाजण्यासारखं काही नाही."
मिक्स केलेली टेप नेली आणि फडताळात टाकली.
हे रीळ माझ्याकडे राहिलं.
चुकून, असं मी सांगत आलो.

बँड मोडला कधी, ते सांगता येत नाही.
भांडण नाही, दारं आपटणं नाही.
फार्गोचा कार्यक्रम वादळानं रद्द झाला
आणि पुढची तारीख कुणी विचारलीच नाही.
रस आता नगरपालिकेचा बर्फ लोटणारा ट्रक चालवतो,
विंटर पार्किंगच्या पाट्यांखालच्या
गाड्या हटवायला लावतो.
लॉर्नाचा उजवा कान गेलाय.
काल तिला म्हटलं, ये ऐकायला.
"नको. तूच ऐक," म्हणाली,
"आणि एवढं सांग, चौथ्यात रस धावलाय का?
सत्तावीस वर्षं आमचा त्यावर वाद आहे."

रात्री दहा. रीळ निवलं.
बोटांना तपकिरी भुकटी लागते.
आधी नुसती सळसळ,
खुर्ची करकरते, कुणीतरी नाक शिंकरतं,
मग एक पोरगेला आवाज: "टेक सेव्हन."
कोण हा?
त्या "सेव्हन"मधला व्ह सांगलीचा.
मी.
मला आठवतच नव्हतं मी कधी इतका खात्रीनं बोलायचो.

मग काठ्यांचे चार ठोके.
लॉर्नाचा श्वास, शब्दाआधीचा.

चौथ्यात रस धावलाय.
सगळे त्याच्या मागे धावलेत, लॉर्नासुद्धा,
आणि गाणं त्यामुळेच उभं राहिलंय.
फोन हातात घेऊन बसलोय.
बाहेर कुणाची तरी गाडी उचलून नेतायत.